मसुदा दाखवणं म्हणजे लेखणी गहाण टाकणं नव्हे

चळवळींसोबत सहयोगी संशोधन करणारे आपला मसुदा कार्यकर्त्यांकडून ‘मंजूर’ करून घेतात, म्हणजे तो निव्वळ प्रचार, असा मेसेज फिरतोय. त्यात तथ्य अर्धंच आहे. मसुदा वाचून दाखवतात, पण चुका आणि धोके कळावेत म्हणून. बैठकीत कोणी ठणकावलं, ‘आमच्यात फूट पडलीच नव्हती’, तर जाणता संशोधक आपलं निरीक्षण खोडत नाही. आक्षेपही शेजारी नोंदवतो. गाळली जातात ती कार्यकर्त्यांची नावं, आणि (माझ्या मते) गाळायलाच हवीत, कारण तपासयंत्रणा ती मागू शकतात. अमेरिकेत प्राणीहक्क कार्यकर्त्यांविषयीची गोपनीय माहिती ग्रँड ज्युरीला (खटला भरायचा का हे ठरवणाऱ्या नागरिकांच्या मंडळाला) द्यायला नकार दिल्यामुळे समाजशास्त्राचे संशोधक रिक स्कार्स यांना १९९३ मध्ये १५९ दिवस तुरुंगात काढावे लागले. शिवाय सहयोगी संशोधनाची ही टूम नवीही नाही: अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ सोल टॅक्स यांचे विद्यार्थी १९४८ पासून अमेरिकेतल्या आयोवा राज्यातल्या मेस्क्वाकी या मूलनिवासी लोकांमध्ये अभ्यास आणि मदत एकत्रच करत होते.