वसाहतीत जकात कशी लावावी

परवा आमच्या सोसायटीच्या व्याख्यानमालेत वक्त्यांनी शाल-श्रीफळ बाजूला ठेवलं आणि माइक हातात घेत सांगून टाकलं, "काही म्हणा, इंग्रजांनी व्यापार मात्र नियमानं केला." वर टाळ्या! इतके होतकरू राज्यकर्ते शेजारी राहत असतील, तर त्यांच्या कामी येतील अशा सूचना द्यायलाच हव्यात.

परक्यांशी करार जरूर करावा. हिंदुस्थान सरकारने १९०४ मध्ये जपानशी केला, तसा. इतर कुठल्याही परदेशी मालाला जी सर्वांत कमी जकात, म्हणजे आयातीवरचा कर, तीच जपानी मालाला. मग लँकेशायरच्या, म्हणजे इंग्लंडातल्या गिरण्यांच्या मुलखातल्या, कापडाला त्याहून कमी लावावी. जपान कुरकुरलाच तर सांगावं, अहो, इंग्लंड आम्हाला परदेश थोडंच आहे!

घरच्या गिरण्या माजू देऊ नयेत. १८९६ साली विलायती कापडावर साडेतीन टक्के जकात होती, म्हणून मुंबईच्या गिरणीच्या कापडावरही साडेतीन टक्के अबकारी (उत्पादनावरचा) कर. समानता म्हणजे समानता.

करार नडू लागला की मोडावा. जपानी कापड स्वस्त पडू लागलं, तेव्हा एप्रिल १९३३ मध्ये रद्द करण्याची नोटीस दिली आणि जूनमध्ये बिगर-ब्रिटिश कापडावर ७५ टक्के जकात बसवली. ब्रिटिश कापडावर २५. जपानी गिरण्यांनी आपला कापूस घेणंच थांबवलं. आता वऱ्हाड-खानदेशातल्या शेतकऱ्याने काय करावं? त्याचा आखूड धाग्याचा कापूस लँकेशायरला नकोच असायचा, मोठं गिऱ्हाईक जपानच. जकात ठरवताना त्याला कुणी विचारलं होतं? मुंबईचे गिरणीमालक तरी त्याच्या बाजूने उभे राहिले का? छे, त्यांचे पुढारी होमी मोदी ऑक्टोबरात लँकेशायरवाल्यांच्या लीससाहेबांशी मोदी-लीस करार करून मोकळे! पुढे १९३४ मध्ये जपानशी तडजोड झाली ती अशी: त्यांनी वर्षाला १५ लाख गाठी कापूस उचलायचा, तर ४० कोटी यार्ड कापड इथे आणायचं, आणि जकात ५० टक्के. म्हणजे कापूस ओलीस!

नियमानं म्हणे! नियम लिहिणारे ते, सूट घेणारे ते, आणि मार खाणारा जामोद-जळगावकडचा कुणीतरी. वक्तेसाहेब, बोलायला उभं राहण्याआधी जुनी जकातपत्रकं चाळायला काय हरकत होती? आणि टाळ्या पिटणाऱ्यांनो, तुमच्यातल्या निम्म्यांचे आजोबा कापूसच पिकवत होते ना? त्यांच्या गाठी पडून राहिल्या, त्यावर टाळ्या कसल्या वाजवता!