रॉजर्सचं भांडण रिसीव्हरसाठी नव्हतंच

एनएफएल या अमेरिकन फुटबॉल लीगचा हंगाम जवळ आला की एक मजकूर हमखास फिरायला लागतो. शब्द थोडे इकडेतिकडे होतात, आशय तोच: ‘ग्रीन बे पॅकर्सच्या व्यवस्थापनाने ॲरन रॉजर्सची कारकीर्द वाया घालवली. पहिल्या फेरीतला एकही रिसीव्हर त्याला दिला नाही. जस्टिन जेफरसनला सोडून जॉर्डन लव्हला आणला. मालकांनी पैसा वाचवला, त्याचे जुने सोबती एकेक करून काढले आणि शेवटी त्यालाच हाकललं. म्हणून चार एमव्हीपी पुरस्कार मिळवूनही सुपर बोल एकच.’

रॉजर्स आणि लव्ह हे क्वार्टरबॅक, म्हणजे पास फेकून आक्रमण चालवणारे; जेफरसन रिसीव्हर, म्हणजे ते पास झेलणारा. एमव्हीपी म्हणजे हंगामातला सर्वोत्तम खेळाडू आणि सुपर बोल म्हणजे लीगचा अंतिम सामना. रॉजर्स आणि व्यवस्थापन यांच्यात बिनसलं होतं हे खरं. व्यवस्थापन चुकलं हेही खरं. पण या मजकुरात वड्याचं तेल वांग्यावर निघालंय, आणि खरी चूक कुठे होती ते त्यामुळे बाजूलाच राहतं.

‘पहिल्या फेरीतला रिसीव्हर दिला नाही.’

कागदावर हे अगदी बरोबर आहे. ड्राफ्टमध्ये, म्हणजे कॉलेजमधून येणाऱ्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत, पॅकर्सनी २००२ साली पहिल्या फेरीत जॅव्हन वॉकर हा रिसीव्हर घेतला. त्यानंतरचा थेट २०२५ मध्ये, मॅथ्यू गोल्डन. रॉजर्सची ग्रीन बेमधली सगळी १८ वर्षं या दोघांच्या मधे जातात.

आता दुसऱ्या फेरीत कोण आलं ते बघा. २००६ मध्ये ग्रेग जेनिंग्ज, २००८ मध्ये जॉर्डी नेल्सन, २०११ मध्ये रँडल कॉब, २०१४ मध्ये डावांटे ॲडम्स. तिसऱ्या फेरीतून २००७ साली जेम्स जोन्स. चेंडू झेलणाऱ्यांची अशी रांग फार थोड्या क्वार्टरबॅकांच्या नशिबी आली. पहिल्या फेरीत वाजतगाजत येऊन चार वर्षांत विस्मरणात गेलेले रिसीव्हर इतर संघांनी किती पाहिले! कुठल्या फेरीत घेतला यापेक्षा कसा निघाला हे बघायचं असेल, तर रिसीव्हर हेरण्यात ग्रीन बेची नजर चांगलीच होती. २०२० मध्ये पहिल्या फेरीच्या रिसीव्हरशिवाय याच संघाने लीगमध्ये सर्वाधिक, ५०९ गुण केले आणि रॉजर्सने ४८ टचडाउन (चेंडू समोरच्यांच्या शेवटच्या पट्ट्यात पोचवून मिळणारे गुण) फेकून एमव्हीपी मिळवला.

मग सुपर बोल एकच का? हरलेले बाद फेरीचे सामने आठवा. जानेवारी २०१३ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोने ४५ गुण कुटले, त्यांचा क्वार्टरबॅक कॉलिन कॅपरनिक एकटा १८१ यार्ड धावला. जानेवारी २०१७ मध्ये अटलांटाने ४४. जानेवारी २०२० मध्ये पुन्हा सॅन फ्रान्सिस्को, ३७. त्या दिवशी राहीम मॉस्टर्ट २२० यार्ड धावला आणि त्यांच्या क्वार्टरबॅकला सबंध सामन्यात फक्त आठ पास फेकावे लागले. आठच! तुमचा बचाव इतका उघडा पडलेला असताना कुठला रिसीव्हर काय करणार? आणि जानेवारी २०१५ चा सिॲटलचा सामना तर ग्रीन बेच्या चाहत्यांसमोर काढूच नये. १९-७ अशी आघाडी, शेवटची काही मिनिटं, चेंडू परत आपल्याकडेच यावा म्हणून समोरच्यांनी मारलेली आखूड ‘ऑनसाइड किक’ हातातून निसटली आणि जादा वेळेत २२-२८ ने हार.

म्हणजे दुखणं बचावाचं होतं. व्यवस्थापनालाही ते दिसत होतं, कारण २०१२ ते २०१९ या काळात पॅकर्सनी पहिल्या फेरीत घेतलेला प्रत्येक खेळाडू बचावातला आहे. त्यातले केनी क्लार्क आणि जायर अलेक्झांडर उत्तम निघाले, डेटन जोन्स, डमेरिअस रँडल वगैरे नाहीत. टीका करायचीच असेल तर २०१७ वर करा. २९ व्या क्रमांकाची पाळी पॅकर्सनी क्लीव्हलँडला देऊन टाकली आणि स्वतः ३३ वर जाऊन केव्हिन किंग हा कॉर्नरबॅक, म्हणजे रिसीव्हरांना रोखणारा बचावपटू, घेतला. मधे ३० व्या क्रमांकावर पिट्सबर्गने टी. जे. वॉट उचलला, जो ग्रीन बेच्याच राज्याचा, विस्कॉन्सिनचा पोरगा आणि पुढे लीगमधला एक सर्वोत्तम बचावपटू झाला. जानेवारी २०२१ मध्ये टँपा बेविरुद्ध अंतिम फेरीच्या दारात ज्याला चकवून मध्यंतराच्या तोंडावर टचडाउन झालं, तो हाच किंग. फिरणाऱ्या मजकुरात याचा उल्लेख कधीच नसतो.

एक सामना मात्र दावेदारांच्या पदरात टाकायला हवा. जानेवारी २०२२, सॅन फ्रान्सिस्कोविरुद्ध १०-१३. बचावाने त्या रात्री जिवाचं रान केलं. रॉजर्सचे २० पास पूर्ण झाले, त्यातले १८ ॲडम्स आणि रनिंग बॅक (चेंडू घेऊन धावणारा) ॲरन जोन्स या दोघांकडे. तिसरा भरवशाचा माणूस नव्हताच. पण त्याही रात्री अडवलेल्या पंटवर (चेंडू समोरच्यांकडे लांब टोलवणारी किक) सॅन फ्रान्सिस्कोने बरोबरी साधली, आणि तो दोष किकच्या खेळी सांभाळणाऱ्या विशेष पथकाचा.

‘जेफरसनला सोडून लव्हला घेतला.’

हे सरळ चुकीचं आहे. २३ एप्रिल २०२० च्या रात्री जेफरसनला मिनेसोटाने २२ व्या क्रमांकावर घेतलं. ब्रँडन अयुक हा दुसरा रिसीव्हर २५ व्या क्रमांकावर गेला. पॅकर्सची मूळ पाळी ३० वी. मायामीला चौथ्या फेरीची एक निवड जास्तीची देऊन ते २६ वर आले, तेव्हा हे दोघंही गेलेले होते. टी हिगिन्स आणि मायकल पिटमन हे रिसीव्हर उपलब्ध होते. तक्रार करायची तर त्यांची नावं घ्या.

लव्हला घेणंच मूर्खपणाचं होतं का? २०२० चा एप्रिल डोळ्यांसमोर आणा, पुढचं माहीत नाही असं समजून. रॉजर्स ३६ वर्षांचा. शेवटचा एमव्हीपी २०१४ चा. २०१७ मध्ये कॉलरबोन मोडलेलं, २०१८ चा हंगाम संघासाठी वाईट, २०१९ मध्ये त्याचे टचडाउन २६. उतार सुरू झालाय असं वाटणं अगदीच गैर नव्हतं. शिवाय याच संघाने २००५ मध्ये नेमकं हेच केलं होतं. क्वार्टरबॅक ब्रेट फार्व्ह ३५ वर्षांचा, जागा पक्की, आणि पॅकर्सनी २४ व्या क्रमांकावर २१ वर्षांचा एक क्वार्टरबॅक घेतला. त्याचं नाव ॲरन रॉजर्स. तो तीन वर्षं बाकावर बसला, लव्हही तीन वर्षं बसला.

फरक आहे, तो लपवण्यात अर्थ नाही. २००५ मध्ये रॉजर्स घसरत घसरत पॅकर्सच्या पदरात पडला होता, लव्हसाठी मात्र पॅकर्स किंमत मोजून वर गेले. आणि तेही संघ सुपर बोलपासून एक पाऊल दूर राहिला असताना. त्या ड्राफ्टमध्ये त्यांनी सातही फेऱ्यांत एकसुद्धा रिसीव्हर घेतला नाही, हा तर निव्वळ हट्ट म्हणायला हवा. पण सगळ्यांत जास्त लागलं ते दुसरंच. जनरल मॅनेजर ब्रायन गुटेकन्स्टने रॉजर्सला आधी विश्वासात घेतलं नाही. संवादात आपण कमी पडलो, हे गुटेकन्स्टने पुढच्या वर्षी स्वतःच मान्य केलं. निवड समर्थनीय, वागणं असमर्थनीय, असा माझा निकाल आहे.

‘मालकांनी पैसा वाचवला.’

कोणत्या मालकांनी? ग्रीन बे पॅकर्सना मालकच नाही. १९२३ पासून हा संघ ना-नफा तत्त्वावर चालणारा, लोकांच्या मालकीचा आहे. पाच लाखांहून जास्त भागधारक, लाभांश शून्य, भाग विकून फायदा कमवायची सोय नाही. लीगमध्ये असा दुसरा संघ नाही. वर पगारावर सगळ्या संघांना एकच कमाल मर्यादा. आणि रॉजर्सच्या बाबतीत चिकटपणा म्हणावा तर २०१८ मध्ये १३.४ कोटी डॉलरची मुदतवाढ, २०२२ मध्ये पुन्हा तीन वर्षांसाठी सुमारे १५ कोटी.

मालक नसण्याचा या भांडणाशी संबंध आहे, फक्त वेगळा. डॅलसमध्ये मोठ्या खेळाडूचं बिनसलं की तो जेरी जोन्सकडे जाऊ शकतो, कारण मालकही तोच आणि जनरल मॅनेजरही तोच. ग्रीन बेमध्ये तेव्हा वर कोण होतं? २०२५ पर्यंत अध्यक्ष असलेला मार्क मर्फी. त्याने २०१८ मध्ये घडी बदलून जनरल मॅनेजर आणि मुख्य प्रशिक्षक दोघांनाही थेट आपल्या हाताखाली घेतलं. म्हणजे गुटेकन्स्टवर नाराज असलात तर दाद मर्फीकडेच मागावी लागायची, आणि मर्फीने जून २०२१ मध्ये, भांडण ऐन भरात असताना, जाहीरपणे माजी जनरल मॅनेजर टेड थॉम्पसनच्या जुन्या शब्दांचा हवाला देत रॉजर्स हा गुंतागुंतीचा गडी आहे असं सांगून टाकलं. अध्यक्ष माणसाने त्या घडीला तोंड मिटून बसावं की नाही?

‘त्याचे सोबती काढले.’

इथे मजकूर सत्याच्या सगळ्यांत जवळ येतो. २८ जुलै २०२१ च्या पत्रकार परिषदेत रॉजर्सने नावांची यादीच वाचली: चार्ल्स वुडसन, जॉर्डी नेल्सन, ज्युलियस पेपर्स, क्ले मॅथ्यूज, कॉब, जेम्स जोन्स, केसी हेवर्ड, मायका हाइड आणि आणखी काही. यांना निरोप देताना मान राखला गेला नाही, हे त्याचं म्हणणं.

ही यादी एका मापाने मोजता येत नाही. हेवर्ड आणि हाइड यांना जाऊ देणं हा खेळाच्या हिशेबातच घोटाळा होता. हेवर्डने २०१६ मध्ये चार्जर्सकडे जाऊन लीगमध्ये सर्वाधिक सात इंटरसेप्शन घेतली, म्हणजे समोरच्यांचे पास मधेच पकडले. हाइड २०१७ मध्ये बफेलोला गेला आणि त्याच वर्षी प्रो बोल या निवडक खेळाडूंच्या सामन्यासाठी निवडला गेला. नेल्सनची गोष्ट वेगळी. २०१८ मध्ये तो बत्तिशी ओलांडलेला होता, ओकलंडकडून एक हंगाम खेळला आणि निवृत्त झाला. निर्णय बरोबर, पद्धत कोरडी. त्याच सुमारास क्वार्टरबॅकांचा प्रशिक्षक ॲलेक्स व्हॅन पेल्टला रॉजर्सला न विचारता जाऊ दिलं, आणि रॉजर्सने तेव्हाच जाहीर नाराजी दाखवली होती. लव्ह ग्रीन बेला येण्याच्या दोन वर्षं आधीची ही गोष्ट आहे. ठिणगी २०२० मध्ये पडली असं समजणाऱ्यांनी ती तारीख लक्षात घ्यावी.

त्या परिषदेत त्याने मागितलं काय, तर आपल्या कामावर परिणाम होणाऱ्या चर्चांमध्ये आपल्याला सामील करून घ्या. निर्णय मीच घेणार, असं नव्हे. आपल्या क्रिकेटमध्ये कर्णधाराला निवड समितीच्या बैठकीला बोलावतात, मताचा अधिकार नसतो. साधारण तेवढीच मागणी. मला ती वाजवी वाटते. १६ वर्षं संघात असलेल्या माणसाला फोन करून ‘अमक्याला सोडतोय’ एवढं सांगायला काही खर्च येत नाही.

‘शेवटी हाकललं.’

२०२१ च्या त्या उन्हाळ्यानंतर पॅकर्सनी बरंच पडतं घेतलं. कॉबला ह्यूस्टनकडून परत आणलं, करारातलं २०२३ चं वर्ष काढून टाकलं, पुढच्या मार्चमध्ये ती १५ कोटींची मुदतवाढ दिली. त्याच मार्चमध्ये ॲडम्स लास व्हेगासला गेला, पण ती त्याची स्वतःची इच्छा होती. कॉलेजातला त्याचा क्वार्टरबॅक डेरेक कार तिथे होता. २०२२ मध्ये संघ आठ विजय आणि नऊ पराभवांवर संपला आणि शेवटच्या सामन्यात डेट्रॉइटने पॅकर्सच्याच लँबो फील्डवर येऊन हरवलं.

मग रॉजर्स काही दिवस अंधाऱ्या खोलीत एकांतवासाला गेला. १५ मार्च २०२३ ला पॅट मॅकॅफीच्या कार्यक्रमात त्याने स्वतः सांगितलं की न्यूयॉर्क जेट्सकडून खेळायचा आपला इरादा आहे. गुटेकन्स्ट म्हणाला, मी कित्येकदा संपर्काचा प्रयत्न केला, झाला नाही. रॉजर्स म्हणाला, माझ्या घरी फोनची रेंज नाही, फेसटाइम करायचा होता. कोट्यवधी डॉलरचा व्यवहार, आणि दोन मोठी माणसं रेंजवरून वाद घालतायत! याला हाकलणं म्हणत नाहीत. दोघांनाही सुटका हवी होती, पहिलं कुणी बोलायचं एवढाच प्रश्न उरला होता.

आणि आपलं ऐकणारं व्यवस्थापन मिळालं असतं तर रॉजर्सने काय केलं असतं, याचं थोडंफार उत्तरही मिळालंय. जेट्सकडे त्याच्या विश्वासातला नॅथनिएल हॅकेट आक्रमणाचा समन्वयक होता, जुने सोबती ॲलन लझार्ड आणि कॉब आले, ऑक्टोबर २०२४ मध्ये ॲडम्ससुद्धा आला. पहिल्या हंगामात चौथ्याच खेळीला टाचेमागचा ॲकिलीस स्नायुबंध तुटला, तो भाग दैवाचा. दुसऱ्या हंगामात तो सगळे १७ सामने खेळला आणि जेट्सनी त्यातले पाच जिंकले. पॅकर्स लव्हच्या पहिल्याच पूर्ण हंगामात बाद फेरीत पोचले आणि तिथे डॅलसला त्यांच्याच मैदानावर ४८-३२ ने हरवून पुढे गेले.