शुगर वाढली की माणसालाच दोष देणाऱ्यांसाठी

‘तब्येत ज्याची त्याच्या हातात’ असा एक मेसेज सध्या ग्रुपाग्रुपांतून फिरतोय. त्यातले दावे थोडक्यात असे: आजार म्हणजे बेशिस्तीचं फळ, गरीब माणसं व्यसनांपायी लवकर मरतात, उपचार मोफत मिळत असतील तर सबबी सांगू नयेत, बाकी सगळं आनुवंशिक. इन्शुलिनवर असलेल्या, पाळ्यांमध्ये काम करणाऱ्या माझ्या एका जवळच्या माणसाला तो ‘जरा मनावर घे’ म्हणून पाठवला गेला. म्हणून हे उत्तर.

‘शुगर कंट्रोलमध्ये नाही, म्हणजे पेशंटला शिस्त नाही.’ सगळ्यात घातक वाक्य हेच. प्रीमिक्स ह्यूमन इन्शुलिन (लवकर आणि सावकाश काम करणारी दोन इन्शुलिनं एकत्र केलेलं औषध) जेवणाआधी साधारण ३० मिनिटं घ्यायचं असतं. एकदा टोचलं की ते जेवणासाठी थांबत नाही. जेवण लांबलं तरी शुगर उतरतच जाते. ७० मिलिग्रॅमच्या (दर डेसिलिटर रक्तात) खाली गेली की घाम सुटतो, हात थरथरतात, डोकं चालेनासं होतं. तेव्हा कारखान्यातलं मशीन चालवत असेल तर जिवावर बेततं. ज्याची जेवणाची सुट्टी सुपरवायझरच्या मर्जीवर आहे, तो काय करतो? ड्यूटीवरचा डोस गाळतो. तीन महिन्यांनी एचबीएवनसी, म्हणजे मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर सांगणारी तपासणी, वाढलेली येते. डॉक्टरांसमोर फक्त आकडा असतो, ते डोस वाढवतात. मग ज्या दिवशी हा माणूस पूर्ण डोस घेतो आणि जेवण पुन्हा लांबतं, त्या दिवशी शुगर आणखी खाली आपटते, आणि तो पुढचे डोस जास्तच घाबरून गाळतो.

साठवणीचंही तेच. न उघडलेलं इन्शुलिन २ ते ८ अंशांत ठेवायचं. उघडलेली बाटली साधारण चार आठवडे बाहेर चालते, पण खोली ३० अंशांच्या आत हवी. घरात फ्रीज नाही, वर तापलेला पत्रा, अशा ठिकाणी औषधाची ताकद उतरते आणि ते दिसायला मात्र तसंच राहू शकतं. माणूस वेळच्या वेळी टोचतोय आणि शुगर हलत नाही. इथे कुठली शिस्त कमी पडली?

‘व्यसनांमुळे मरतात.’ १९६७ मध्ये लंडनमध्ये सुरू झालेला व्हाइटहॉल अभ्यास बघा. सुमारे १८,००० पुरुष, सगळे सरकारी नोकरीतले, कोणीही बेकार नाही. तरी सगळ्यात खालच्या श्रेणीतल्या शिपाई वगैरे लोकांचा मृत्युदर सगळ्यात वरच्या अधिकाऱ्यांच्या जवळपास तिप्पट निघाला. खालच्या श्रेणीत धूम्रपान जास्त होतं, हे खरं. सिगारेट कोणत्याही पगारावर मारतेच आणि ती सोडल्याने फायदा होतोच, एवढं मेसेजवाल्यांना देऊन टाकतो. पण धूम्रपान, रक्तदाब, कोलेस्टेरॉल यांचा हिशेब वजा केल्यावरही हृदयविकाराने मरण्याचा धोका खालच्या श्रेणीत सुमारे दुप्पट उरला. शिवाय फरक फक्त वरच्या आणि तळच्या टोकांत नव्हता. प्रत्येक पायरीवरचा माणूस वरच्या पायरीवरच्यापेक्षा लवकर मरत होता. वरून दुसऱ्या पायरीवरचे लोक काही गरीब नव्हते.

‘उपचार मोफत केले की विषय संपला.’ हीच माणसं पुन्हा बघा. ब्रिटनमध्ये १९४८ पासून सरकारी आरोग्यसेवा सगळ्यांना खुली आहे. तरीही ही तफावत. मोफत उपचार हवेतच, त्यावर वाद नाही. पण दवाखान्याशी संबंध येतो तो आजारी पडल्यावर.

आनुवंशिकतेचं एका आकड्यात आटपतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयोगाच्या २००८ च्या अहवालात स्कॉटलंडमधल्या ग्लासगो शहराच्या काल्टन भागात पुरुषांचं अपेक्षित आयुर्मान ५४ वर्षं, आणि जवळच्याच लेन्झीत ८२ दिलंय. काही किलोमीटरवर जनुकं इतकी बदलत नाहीत की आयुष्यात २८ वर्षांचा फरक पडावा.

पाळीत काम करणाऱ्या मधुमेही माणसाला मदतच करायची असेल, तर शुगरच्या नोंदीशेजारी जेवणाची वेळ आणि पाळीही लिहून ठेवायला सांगा, आणि तो कागद डॉक्टरांना दाखवा. पाळीप्रमाणे इन्शुलिनचा प्रकार आणि वेळ बदलता येईल का, हे त्यांना विचारा. स्वतःहून डोस बदलू नका. खिशात १५ ग्रॅम साखर किंवा ग्लुकोज असू द्या. शुगर उतरली की ते घ्यायचं, १५ मिनिटांनी पुन्हा तपासायचं. आणि तुम्ही स्वतः कुठे सुपरवायझर असाल, तर त्या माणसाची जेवणाची वेळ ठरवून द्या आणि ती मोडू नका.