जाड लाकडाच्या पेटीला नुसता मागून खड्डा पुरत नाही

सोलापुरात हौसेने अ‍ॅम्प्लिफायर बांधणाऱ्यांमध्ये सध्या एक सल्ला सर्रास फिरतो आहे. लाकूड कितीही जाड असले तरी मागून मोठ्या बिटाने खड्डा पाडून समोर ३ मिमी जाडी ठेवावी, म्हणजे पॉट (आवाज कमी-जास्त करणारा, नॉबने फिरणारा भाग), स्विच, सॉकेट सगळे बसते. हे भाग बसवायला धातूची पट्टी लावणे हा फुकटचा खर्च आहे. आणि लाकडातून वीज वाहत नसल्याने अर्थिंगही लागत नाही. जुन्या मागाच्या किंवा पाडलेल्या वाड्याच्या सागवानातून पेटी करणाऱ्याला हे सोयीचे वाटते, म्हणून त्याचा परामर्श घेणे भाग आहे.

खड्ड्यामागचे गणित चुकीचे नाही. नेहमीच्या छोट्या पॉटच्या गळ्यावर साधारण ७ मिमी आटे असतात आणि नट व वॉशर त्यातले जवळपास ३ मिमी खातात. १८ मिमीच्या फळीत तो थेट बसणार नाही हे उघड आहे. पण उरलेले ३ मिमी कशाचे आहेत, हा प्रश्न सल्ल्यात येत नाही. प्लायवूडचे थर एकाआड एक आडवे-उभे असल्याने तेवढी जाडी पॉटपुरती टिकते. सागवान मात्र नट आवळताना रेषेच्या दिशेने चिरते आणि एमडीएफचा, म्हणजे लाकडाचे तंतू दाबून केलेल्या फळीचा, नटाखाली भुगा होतो. नॉब शेवटपर्यंत फिरवून वर जोर दिला की तो सगळा पीळ या पातळ पडद्यावरच येतो.

सॉकेटची गोष्ट याहून वाईट आहे. ६.३५ मिमीच्या जॅकमध्ये घातलेली पिन बाहेर आलेल्या तरफेसारखी असते. कोणाचा पाय वायरीत अडकला तर पडदा सॉकेटसकट निघून येतो. माझ्या पहिल्या पेटीत नेमके हेच झाले, आणि तेव्हा मी दोष सुताराला दिला होता.

त्यात आपल्याकडचे हवामान आहे. मे महिन्यात ४० अंशांवरच्या कोरड्या हवेत लाकूड आकसते आणि पावसाळ्यात फुगते, त्यामुळे जानेवारीत घट्ट केलेला नट जूनपर्यंत ढिला होतो, पॉट जागेवर फिरू लागतो आणि सोल्डर केलेल्या तारा तुटतात. स्प्रिंग वॉशरचा इथे उपयोग नाही, कारण तो लाकडातच रुततो. म्हणून फळीला आरपार खिडकी कापावी, तिच्या कडेला खाच घेऊन २ मिमीची अ‍ॅल्युमिनियमची पट्टी बसवावी आणि पट्टीतली स्क्रूची भोके किंचित सैल ठेवावीत, म्हणजे लाकूड हलले तरी पट्टीवर ताण येत नाही. धातू दिसायला नको असेल, तर पॉट आतल्या ब्रॅकेटवर लावून कपलरने, म्हणजे दोन दांडे जोडणाऱ्या नळीने, दांडा लांबवता येतो.

पट्टी लावली की हमिंग येते, असा प्रतिप्रश्न होतो. आरसीए सॉकेट (ध्वनीच्या तारा जोडायचे गोल सॉकेट) थेट पट्टीला टेकले, तर ग्राउंड लूप होऊन, म्हणजे ग्राउंडला एकाहून जास्त वाटा मिळून, हमिंग येऊ शकते हे खरे आहे. त्यासाठी इन्सुलेटेड वॉशर मिळतात. उलट लाकडी पेटीला शिल्डिंग, म्हणजे बाहेरचा विद्युत गोंगाट अडवणारे धातूचे कवच, नसल्याने, पॉटचे धातूचे अंग सिग्नल ग्राउंडला (ध्वनीच्या सर्किटच्या समाईक तारेला) जोडले नाही तर नॉबला हात लावताच गुणगुण वाढते.

अर्थिंगविषयीचा दावा मात्र धोकादायक आहे. आत फेजची तार सुटून पट्टीला किंवा पॉटच्या गळ्याला लागली, तर भोवतीचे लाकूड बोटाला वाचवत नाही. मेन्सवर चालणाऱ्या पेटीत हाताला लागणारा प्रत्येक धातूचा भाग तीन तारांच्या केबलमधल्या हिरव्या तारेला जोडलेला असावा. प्लग काढून अर्थ पिन आणि पट्टी यांच्यात मल्टीमीटर लावला, तर रोध जवळजवळ शून्य यायला हवा.