रिटायर झालाय न्हवं? मग कागदांना हात लावू नका!

अभिनंदन! पेन्शन सुरू झाली, सकाळी आपल्या कोल्हापुरात रंकाळा तलावाला चक्कर, मग मिसळ, मग कट्टा. आता घरच्या कागदांची कटकट कशाला? तुमच्या माघारी आम्ही आहोतच की. सध्या मामांच्या माघारी मी हेच करत फिरतोय, म्हणून चार सल्ले देतो.

सगळे कागद एका ट्रंकेत कोंबा आणि ट्रंक पलंगाखाली ढकला. शाहूपुरी, दुधाळीकडं राहत असाल तर हमखास तळमजल्यावर. 2019 ला पुराचं पाणी आलं, 2021 ला परत आलं, तरी ट्रंक हलवायची नाही. खरेदीखताचा लगदा झाला तर झाला, पोरं आहेत नकलेसाठी हेलपाटे घालायला.

नॉमिनी लावला की विषय संपला. नॉमिनी मालक नसतो, वारसांच्या वतीनं पैसे ताब्यात घेणारा असतो, असलं काहीबाही वकील सांगत बसतात.

हयातीचा दाखला? 30 नोव्हेंबरला, शेवटच्या दिवशी दुपारी बघू.

नाव मात्र प्रत्येक कागदावर वेगळं पाहिजे. आमच्या मामांचं बघा, शाळेच्या दाखल्यावर बाळू, सातबाऱ्यावर बाळा, घरफाळ्याच्या बिलावर बाळासो, आधारवर बाळासाहेब, आणि मामीचं बँकेत माहेरचं नाव तर पीपीओवर, म्हणजे पेन्शनच्या आदेशावर, सासरचं. फॅमिली पेन्शनला गेलो तर साहेब विचारतोय, ह्या सगळ्या व्यक्ती एकच कशावरून? मामी म्हणाली, "अहो, मी एकच नवरा केलाय." तो म्हणतोय अ‍ॅफिडेव्हिट आणा. ते नेलं तर म्हणतोय गॅझेट आणा, अरे माणूस गेलाय बाबा, आता नाव बदलायच्या अर्जावर त्याची सही वर जाऊन आणू का? वारसनोंद तरी करावी म्हणून सिटी सर्व्हेला गेलो तर तिथं प्रॉपर्टी कार्डावर अजून आजोबाच मालक! म्हणजे मामांचं नाव कमी करायला आधी ते लागायला तर पाहिजे, आणि आजोबांचा मृत्यूचा दाखला कुठं आहे, तर तो त्या ट्रंकेत.

मृत्युपत्र? शिव शिव, अभद्र बोलू नये. साध्या कागदावर चालतं, स्टॅम्प लागत नाही, नोंदणीची सक्ती नाही, दोन साक्षीदारांसमोर सही केली की झालं, एवढं सोपं काम तुमच्यासारख्यानं करायचं का? भावंडांना भांडू द्या की. ऑगस्ट 2025 पासून हायकोर्टाचं सर्किट बेंच इथंच बसतंय, इतकी वर्षं आंदोलनं करून आणलंय, त्याला कामपण नको का?

खरं सांगू, डोकं फिरतंय. मामा आयुष्यभर ऑडिटला. दुसऱ्याच्या फायलीत एक कागद कमी असला तर माणसाला परत पाठवायचे. आणि लॉकर कुठल्या बँकेत आहे हे मामीला त्यांच्या मित्राकडनं कळलं, दहाव्याला! तुम्हीबी तसलेच. सकाळी उठून सगळ्या ग्रुपवर गुलाबाची फुलं पाठवायला वेळ असतोय, अमेरिकेचं काय चुकतंय ते कट्ट्यावर सांगायला वेळ असतोय, पण बायकोला शेजारी बसवून खाती, पॉलिसी, एफडी एका वहीत लिहून द्यायला जमत नाही. तिनं गुडघे धरत बँकेच्या पायऱ्या चढायच्या आणि नातवाच्या वयाच्या पोरानं तिला विचारायचं, आजी, हा तुमचाच नवरा कशावरून? लाजा वाटू देत जरा. काढा ती ट्रंक बाहेर, आणि प्रॉपर्टी कार्डावर कोण जिवंत आहे ते आधी बघून या.