नियेन्नाला एका ओळीत गुंडाळू नका

टॉल्किनच्या कथांमधल्या वालांवरचा, म्हणजे जग सांभाळणाऱ्या देवतांवरचा तुमचा लेख मस्त झालाय, वार्डा आणि यावान्ना या देवींवर भरभरून लिहिलंत, पण नियेन्नाला नुसतं 'शोकाची देवी' म्हणून सोडून दिलंत ते काही पटलं नाही. टॉल्किनच्या सगळ्या देवतांमधे माझी सगळ्यात लाडकी तीच. ती स्वतःच्या दुःखासाठी रडतच नाही हो, जगाला झालेल्या जखमांसाठी रडते. देवभूमीला उजेड देणारी दोन झाडं उगवली ती माती हिच्याच अश्रूंनी भिजलेली, आणि उंगोलियांट या राक्षसी कोळिणीने ती झाडं शोषून मारली तेव्हा नियेन्ना राखाडी टोपडं मागे सारून झाडांच्या टेकडीवर चढली आणि तिथली घाण रडून रडून धुतली, हा सीन मी कितीदा वाचलाय!! बंडखोर वाला मेल्कोरने माफी मागितली तेव्हाही ती त्याच्या बाजूने बोलली, पुढे तो उलटला पण त्यात तिची चूक नाही असं मला ठाम वाटतं. आणि मेन म्हणजे 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'मधला जादूगार गँडाल्फ, तो देवभूमीत ओलोरिन नावाने राहत असताना दया आणि धीर हिच्याकडेच शिकला, म्हणून तर दुष्ट अंगठीने पछाडलेल्या गॉलमला मारायला हवं होतं असं कथेचा नायक फ्रोडो म्हणतो तेव्हा गँडाल्फ त्याला अडवतो, आणि शेवटी अंगठी नष्ट होते ती गॉलम जिवंत राहिला म्हणूनच ना? हिच्यावर वेगळा लेख येऊ द्या प्लीज.