‘दुःख टळल्यावर देव चांगला’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

संकटातही देवाच्या चांगुलपणावर भरवसा ठेवता येतो, असे मी मागच्या लेखात लिहिले होते. त्यावरची तुमची प्रतिक्रिया मी आधी शांतपणे वाचली आणि नंतर, तितक्या शांतपणे नव्हे, पुन्हा वाचली. तिचे सार तुमच्याच वाक्यात असे आहे : ‘दुःख टळल्यावर देव चांगला म्हणायला काय लागते? तुम्ही ईयोबाच्या मित्रांच्या पंगतीत बसून उपदेश करता आहात.’ वाक्याच्या शेवटी तुम्ही एक हसरे चिन्हही टाकले आहे. (ईयोब हा बायबलमधल्या ईयोबाच्या ग्रंथातला नीतिमान माणूस. त्याच्यावर संकटे कोसळली तेव्हा सांत्वनाला आलेले मित्र त्यालाच दोष देऊ लागले.)

मतभेदाचे मला वावडे नाही. विश्वास आणि दुःख यांविषयी लिहिणाऱ्याला टोकणारे भेटतात, भेटायलाही हवेत. परंतु ज्या विषयात वाचणाऱ्यांपैकी कोणीतरी नुकतेच घरचे माणूस गमावलेले असण्याची शक्यता असते, तेथे ‘पंगत’ आणि ‘उपदेश’ हे शब्द वापरून वर हसणाऱ्याने इतरांना संवेदनशीलतेचे धडे द्यावेत, हे मला पटत नाही. लेखाचा मथळा थोडा चढ्या आवाजातला होता, हे मी मान्य करते. तो खाली उतरवता आला असता. मात्र मथळ्यावरून संपूर्ण लेखाला झोडपण्याआधी तो शेवटपर्यंत वाचायला हवा होता.

तो वाचला असता तर ईयोबाच्या मित्रांची उपमा तुम्हाला सुचलीच नसती. अलीफज, बिल्दद आणि सोफर यांचा दोष ते देवाला चांगला म्हणत होते हा नव्हता. निरपराध माणूस कधी नाश पावला आहे का, असे विचारून त्यांनी ईयोबाच्या जखमांमधून त्याचे पाप शोधायला सुरुवात केली, हा त्यांचा दोष होता. (त्याआधी ते सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ काही न बोलता बसले होते. त्यांनी केलेले शहाणपणाचे काम तेवढेच.) ग्रंथाच्या शेवटी देव त्यांना सांगतो की, तुम्ही माझ्याविषयी माझा सेवक ईयोब याच्यासारखे यथार्थ बोलला नाहीत. म्हणजे तक्रार करणाऱ्याला यथार्थतेची पावती मिळाली आणि देवाची वकिली करणाऱ्यांना मिळाली नाही. मी माझ्या लेखात नेमके हेच लिहिले होते. यरुशलेममधल्या शिलोहाचा बुरूज कोसळून मेलेले अठरा जण इतरांपेक्षा अधिक पापी होते काय, असे विचारून येशूने स्वतःच ‘नाही’ असे उत्तर दिले, हेही त्यात होते. ज्याचे आंधळेपण कोणाच्या पापामुळे नाही असे येशूने सांगितले, त्या जन्मांध माणसाची गोष्टही होती. तरीही तुम्ही मला त्या तिघांच्या शेजारी बसवता, तेव्हा तुम्ही माझा लेख वाचला की तुमच्या मनातला एखादा जुना प्रवचनकार, असा प्रश्न मला पडतो.

आता ‘दुःख टळल्यावर’ याविषयी. बायबलमधले विलापगीत हे पुस्तक उघडून पाहा. इ.स.पू. सहाव्या शतकात बाबेलच्या (बॅबिलोनच्या) सैन्याने यरुशलेम उद्ध्वस्त केले, त्यानंतरचा हा आक्रोश आहे. दुसऱ्या अध्यायात तान्ही मुले नगरीच्या रस्त्यांवर मूर्च्छित पडतात, आईला धान्य कुठे आहे म्हणून विचारतात आणि तिच्या उराशीच प्राण सोडतात. याच ग्रंथाच्या तिसऱ्या अध्यायात परमेश्वराची दया सरत नाही, ती रोज सकाळी नवी होते, असे म्हटले आहे. ते वाक्य ग्रंथाच्या शेवटी आले असते तर तुमचे म्हणणे खरे ठरले असते : संकट गेले, मग स्तुती आली. पण त्यानंतर विलाप पुन्हा सुरू होतो, चौथ्या अध्यायात दुष्काळाचे वर्णन अधिकच भीषण होते आणि पाचवा अध्याय तर देवाने आम्हांला कायमचे टाकून दिले आहे की काय, अशा शंकेवर थांबतो. चांगुलपणाचा तो उच्चार राखेच्या ढिगात उभे राहून केलेला आहे. शहर पुन्हा बांधून झाल्यावर केलेला नाही. बायबलमधले अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र तर अंधारावरच संपते, आणि कोणाला ते स्तोत्रसंहितेतून काढून टाकावेसे वाटले नाही. ज्याच्यावर विश्वासच उरलेला नाही, त्याच्याकडे माणूस इतकी तक्रार करत नाही.

माझ्या घरचे मी लेखात लिहिले नव्हते, कारण दुःख हे प्रमाणपत्रासारखे दाखवत फिरावे, असे मला वाटत नाही. तुम्ही ते दाखवायला भाग पाडले आहे. पक्षाघातानंतर माझ्या पतींची वाचा गेली, ती परत आलेली नाही. त्यांना पाणी हवे असले तर ते मागता येत नाही. ते हात उचलतात आणि मी अंदाज बांधते. परंतु मी तेविसावे स्तोत्र वाचू लागले की ‘मला काही उणे पडणार नाही’ हे शब्द कधीकधी त्यांच्या तोंडून स्पष्ट येतात. हा चमत्कार नाही. पाठ झालेले शब्द अशा आजारातही पुष्कळदा टिकून राहतात, असे डॉक्टरांनी समजावले आहे. ज्याला पेलाभर पाणी मागता येत नाही त्याने हे वाक्य म्हणावे, याचा मला अनेकदा संताप येतो, आणि तो संताप मी त्या स्तोत्रातल्या मेंढपाळाला, म्हणजे देवालाच, बोलून दाखवते. आमच्याकडे प्रार्थनेला आलेल्या एकाने ‘विश्वास कमी पडला असेल’ असेही सुचवले होते, त्यामुळे ईयोबाच्या मित्रांची ओळख मला तुमच्याकडून करून घ्यायची गरज नाही. येशूचा प्रेषित पौल यानेही आपल्या शरीरातला काटा दूर व्हावा म्हणून तीन वेळा विनंती केली होती. काटा निघाला नाही. ‘माझी कृपा तुला पुरेशी आहे’ एवढे उत्तर मिळाले. सांगा, यात कोणाचे दुःख टळले?

तुमच्या उरलेल्या मुद्द्यांविषयी थोडक्यात. ‘सर्व गोष्टी मिळून कल्याणकारक होतात’ हे पौलाच्या रोमकरांस पत्रातले वचन शोकाकुल माणसाच्या तोंडावर फेकले जाते, ही तुमची तक्रार रास्त आहे. पण त्याच अध्यायात संपूर्ण सृष्टी प्रसूतिवेदनांनी कण्हते आहे, असे वचनापूर्वी लिहिले आहे, आणि फेकणारे तेवढे वगळतात. भूकंप आणि लहान मुलांचे आजार यांविषयीचा तुमचा प्रश्न जुना आहे. 1 नोव्हेंबर 1755 रोजी, सर्व संतांच्या सणाच्या सकाळी, पोर्तुगालचे लिस्बन शहर भूकंपाने हादरले तेव्हा अनेक लोक उपासनेसाठी जमलेले होते, आणि फ्रेंच लेखक व्होल्तेअरने तेव्हापासूनच हा प्रश्न धारदारपणे विचारला आहे. त्यावर स्वतंत्रपणे लिहावे लागेल. एका हसऱ्या चिन्हाच्या बदल्यात मी ते लिहिणार नाही. चर्च लोकांना मुकाट सोसायला शिकवते, हा आरोप माझ्या लेखातल्या कोणत्या वाक्यावर आहे, ते मला सापडले नाही.

तुमची प्रतिक्रिया मी काढून टाकलेली नाही आणि टाकणारही नाही. प्रत्युत्तर द्यायचे असल्यास जरूर द्या. मात्र विलापगीताचा तिसरा अध्याय सलग वाचून मग द्या, आणि त्यातले पहिले वीस श्लोक वगळू नका.